आधी गाडीचं अर्थिंग तपासा, मग बॅटरी बदला

महोदय,

माझी गाडी या पावसाळ्यात माहीम कॉजवेवर दोनदा बंद पडली. डॅशबोर्डवरचे दिवे एकदम लुकलुकायचे. सर्व्हिस सेंटरला नेली की मात्र शहाण्या मुलासारखी चालायची. तिथे स्कॅनर लावला, 'लो व्होल्टेज'चा कोड निघाला, म्हणून आधी बॅटरी बदलली, मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. दुखणं तसंच. शेवटी कुर्ल्याच्या एका वायरमनने मल्टिमीटरची एक पिन इंजिनला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. शून्याच्या जवळपास हवा तो आकडा १.४ व्होल्ट! अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणारी पट्टी, खाऱ्या हवेने हिरवी पडली होती. पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळला. दहा मिनिटांचं काम. जुनी, धडधाकट बॅटरी मात्र सेंटरवाल्यांनी ठेवून घेतली. तिचं काय केलंत हो?

— एक वाचक, माहीम