नंबर जोडला का?

चि. अश्विनीस,
अनेक आशीर्वाद.

तू ब्रिटनला सुखरूप पोचलीस, ड्यूटीवर हजर झालीस, हे समजलं. फोनवर माझं बोलणं होत नाही. बोलायला लागलो की आवाज चढतो आणि तुझी आई डोळे वटारते. म्हणून लिहितोय. सुहास फोटो काढून पाठवील.

विमानतळाचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलो होतो. पण "आबा, लगेच निघू नका, बाहेरच थांबा" एवढंच बोलून तू फोन ठेवलास, त्यानंतर बराच वेळ काही नाही. आम्हाला आत सोडत नाहीत. वजन जास्त होतंय म्हणून तू परत दिलेली भडंगाची पिशवी मांडीवर घेऊन आई बसली होती. एक अक्षर बोलली नाही, यावरून काय ते समज. माझ्या डोक्यात एकच होतं. पोरीकडं व्हिसा आहे, आणि दाखवायला हातात काहीच नाही.

नंतर तू सगळं सांगितलंस. पासपोर्ट नवा, नंबर नवा. व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात पासपोर्टचा नंबर बदलायला तू इथूनच टाकला होतास, पण तो अजून चढला नव्हता. म्हणून काउंटरवरच्या बाईंच्या मशीनला तू सापडेनास. मग तू शेअर कोड, म्हणजे दुसऱ्याला तुझा व्हिसा ऑनलाइन बघता येतो तो कोड, काढून दिलास, त्यांनी तपासला, आणि सुटलीस. माझ्या भाषेत सांगायचं तर नोंद टाकली होती, मंजूर झाली नव्हती. अशा मधल्या काळातच माणसं अडकतात, हे मी नोकरीभर पाहिलंय. आता तो नंबर जोडला गेला का?

पहिल्यांदा गेलीस तेव्हा पासपोर्टात स्टिकर होता. तिथल्या पोस्टात जाऊन तू राहण्याच्या परवान्याचं कार्ड घेतलंस आणि त्याचा फोटो पाठवलास. आईनं फोनच देव्हाऱ्यापुढं ठेवला होता. पुढं व्हिसा शिल्लक असूनही कार्डावर ३१ डिसेंबर २०२४ हीच तारीख, आणि त्यानंतर सगळं ऑनलाइन. ते जुनं कार्ड फेकू नकोस. मुदत संपली तरी त्यावरचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही.

तू म्हणशील, "आबा, सातबारा ऑनलाइन झाला तेव्हा गावोगाव फिरून लोकांना तुम्हीच समजावलंत की." समजावलं, आणि ते चांगलंच झालं. आज माणूस तलाठ्याच्या दारात न येता डिजिटल सहीचा उतारा काढतो. पण हस्तलिखितावरून संगणकावर घेताना क्षेत्राचा एक आकडा चुकला, तर जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी तहसीलमध्ये खेटे घालणारे म्हातारेही मीच पाहिलेत. त्यांतला ज्याच्याकडं जुना उतारा होता, तो लवकर सुटला.

अर्थात कागदाचंही मला कौतुक सांगू नये. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा तुझी नर्सिंगची सर्टिफिकेटं आईनं इस्त्रीखाली वाळवली. मिरजेच्या कॉलेजचा शिक्का अजून निळा पसरलेला आहे. ती सर्टिफिकेटं घेऊनच तू एवढी लांब गेलीस. हे मी कोणाला सांगत नाही, पण बँकेत गेलो की सांगतो.

आणि सरकारी दप्तराचं म्हणशील, तर तुझ्याच त्या देशात वेस्ट इंडीजहून बोटीनं आलेल्या लोकांची जुनी लँडिंग कार्डं गृहखात्यानं २०१० मध्ये नष्ट केली. पुढं त्यांनाच विचारलं, तुम्ही इथं कधी आलात, पुरावा दाखवा. पन्नास-पन्नास वर्षं राहिलेली माणसं. २०१८ मध्ये केवढा गदारोळ झाला. दप्तर त्यांचं, त्रास यांना. म्हणून म्हणतो, व्हिसा मंजुरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, घरभाड्याचा करार, सगळं स्वतःकडं ठेव. नुसत्या प्रिंटला तिथं किंमत नाही हे तू सांगितलंस, मला समजलं. तरी काढून ठेव.

पुन्हा भाषण झालं. माफ कर. रात्रपाळी करून आलेल्या पोरीला बापानं हे वाचायला लावू नये. जेवतेस का, ते विचारायचं राहिलंच. तासगावचे बेदाणे बॅगेच्या खालच्या कप्प्यात आहेत, हळद वेगळ्या डब्यात. थंडी वाढली असेल. मधल्या सुट्टीत कुठं बाहेर जायचं ठरवलंस तर तिकीट काढण्याआधी तो नंबर एकदा बघ. आणि त्या व्हिसाच्या खात्याला फोन नंबर कुठला दिलायस? इथलं सिम असेल तर रिचार्ज मी करत जाईन, बंद पडू देणार नाही. ईमेल दिला असेल तर प्रश्नच नाही.

वारसनोंदीचं काम तलाठ्याकडं दिलंय. तुझंही नाव लावायचंय, सुहासचंही तेच म्हणणं आहे. तुझ्या आधारची झेरॉक्स माझ्याकडं आहे.

रविवारी फोन कर. आईशी आधी बोल, मग मला दे.

तुझे,
आबा

ता. क. : तो शेअर कोड ९० दिवस चालतो म्हणालीस. एक मलाही पाठवून ठेव. उघडायला जन्मतारीख लागते म्हणे, ती मला माहीत आहे. सुहास उघडून दाखवील. आत काय लिहिलंय ते मला एकदा वाचायचंय.