डिपॉझिटसाठी अर्ज करायचा तरी कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी पुण्यात घरोघरी जाऊन भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी करून देतो. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचे यंत्र, एवढेच माझे दुकान. अंगठा लावताना दोन्ही बाजू इतक्या गोड बोलतात की सोयरीक जुळते आहे असे वाटावे. करार संपता संपता त्यातल्याच काहींचे फोन येतात. मालक म्हणतो, "तो घर सोडत नाही." राहणारा म्हणतो, "काका, डिपॉझिट परत देत नाहीत." पहिल्याला कुठे अर्ज करायचा ते मी सांगू शकतो. दुसऱ्याला सांगण्यासारखे धड ठिकाण कायद्यानेच ठेवलेले नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम २४ मालकाच्या कामाचे आहे. राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर, दिलेल्या घराची मुदत संपली आणि समोरचा निघाला नाही, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. लेखी करारात जे लिहिले आहे त्याचा तो करारच निर्णायक पुरावा मानला जातो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत राहणाऱ्याने शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मिळवायची असते. ते केले नाही, तर मालकाचे म्हणणे त्याला कबूल आहे असे धरले जाते. (हे ठाऊक नसल्याने लोक समन्स विजेच्या बिलांत खोचून ठेवतात आणि ताबा घ्यायला माणसे दारात आली की वकील शोधतात.) प्राधिकाऱ्याच्या आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण, म्हणजे आदेश कायद्याला धरून आहे का एवढीच वरची तपासणी.

एवढे हत्यार हातात असूनही मालकांना अर्जाचा कंटाळा. सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगून पार्किंग बंद करायचे, वॉचमनला दम द्यायचा, नाहीतर राहणारा कामावर गेला की कुलूप बदलायचे. पोलीस चौकीत 'दिवाणी बाब आहे, कोर्टात जा' हे ऐकून दोघेही परत. घर आपले असले तरी कायदेशीर मार्ग सोडून एखाद्याला बाहेर काढले, तर तो विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. मालकी कोणाची, हा प्रश्न त्या दाव्यात येतच नाही. हे सांगितले की मालक माझ्याकडे असे बघतात, जणू मी फितूर झालो.

आता दुसरी बाजू. मुदत संपण्याआधीच, नियमाप्रमाणे नोटीस देऊन, घर झाडूनपुसून एखाद्याने किल्ली दिली आणि मालकाने डिपॉझिट अडवले, तर त्याने काय करायचे? कलम २४ खालचा अर्ज मालकाने ताब्यासाठी करायचा असतो. डिपॉझिटसाठी त्याच दारात उभे राहायची सोय राहणाऱ्याला नाही. त्याने दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा लावायचा. मुदत तीन वर्षांची आहे हे खरे. पण पन्नास-साठ हजारांसाठी वकील, कोर्ट फी आणि तारखा कोण करणार? बहुतेक मुले तोवर नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलेली असतात. मालकालाही हे पक्के ठाऊक असते.

एका मुलीने मला मालकाने दिलेला हिशेबाचा कागद दाखवला होता. वहीचे फाडलेले पान. रंगकाम, सफाई, गीझरची दुरुस्ती, आणि खाली वेगळी ओळ: 'भिंतीला खिळे, नग ९'. प्रत्येक खिळ्याचे पैसे कापले होते. गीझर ती आली तेव्हाही गळत होता म्हणे, पण त्याचा फोटो नाही, करारात नोंद नाही. कोणत्या वस्तू दिल्या आणि कोणत्या अवस्थेत, याची यादी कराराला जोडा असे मी दरवेळी सुचवतो. "राहू द्या हो, विश्वास आहे," असे उत्तर दोन्ही बाजूंनी एका सुरात येते.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे डिपॉझिट कागदावर कमी दाखवणे. "दीड लाख ठरलेत, करारात पन्नास हजार लिहा, स्टँप वाचेल," असे मला सर्रास सांगितले जाते. जरा हिशेब करू. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात आणि त्या व्याजावर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. म्हणजे एक लाख रुपये लपवून वर्षाला वाचतात फक्त २५ रुपये! आणि उद्या तेच एक लाख मागायची वेळ आली की राहणाऱ्याच्या हातात पुरावा नाही. बरे, रक्कम रोखीत दिलेली. बँकेतही नोंद नाही. मला तर शंका आहे की स्टँपचे निमित्त पुढे करून काही जण वेगळाच हिशेब साधतात.

करार न नोंदवणारे मालकही कमी नाहीत. त्यांना भाडे नियंत्रण कायद्याचेच कलम ५५ दाखवावेसे वाटते. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे; लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड.

पागडीच्या, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या, घरांचे भांडण निराळे आहे. ते लघुवाद न्यायालयात, आणि ते नसेल तिथे दिवाणी न्यायालयात चालते. त्यात मी पडत नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट, ताबा देताना त्याची परतफेड, आणि दोन्ही पक्षांना जाता येईल असे भाडे न्यायालय, अशी त्यात तरतूद आहे. पण तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे आणि आपल्याकडे वाद अजून १९९९ च्याच कायद्याने चालतात.

तोवर मी लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवतो. तिथे दाखलपूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे कोर्टात दावा लावण्याआधीच तडजोडीसाठी, अर्ज करता येतो, कोर्ट फी लागत नाही. नोंदवलेला करार, डिपॉझिट दिल्याची बँकेतील नोंद आणि किल्ली परत केल्याचा मेसेज एवढे सोबत न्यावे. प्राधिकरणाची नोटीस गेली की काही मालक मुकाट्याने चर्चेला बसतात. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच, म्हणजे कोर्टाच्या निकालाइतकाच बंधनकारक, असतो आणि त्यावर अपील नाही. मात्र मालक आलाच नाही, तर त्याला तडजोड करायला कोणी भाग पाडू शकत नाही.

म्हणून शहरांतल्या आमदारांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे की नवा कायदा येईल तेव्हा येवो, आधी १९९९ च्या कायद्यात एवढी दुरुस्ती करून घ्या: ताबा दिल्यानंतर ठरलेल्या दिवसांत डिपॉझिट परत न मिळाल्यास राहणाऱ्यालाही सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येईल, कपात केली असेल तर तिच्या पावत्या मालकाने शपथपत्रासह ३० दिवसांत द्याव्यात, न दिल्यास अर्जदाराचे म्हणणे कबूल धरून वसुलीचा आदेश व्हावा.

आपला,
भाडेकरार नोंदणीचे काम करणारा एक वाचक, पुणे