दुर्बिणी पाहिजेत राजेहो! तलावावरच्या पाहुण्या पक्ष्यांसाठी आवाहन

नमस्कार मंडळी, आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या तलावांवर बदकं उतरायला लागली आहेत हे पाळीवरून (तलावाच्या बांधावरून) फिरणाऱ्यांना एव्हाना दिसलंच असेल. भुवई बदक तर पाऊस पुरता सरायच्या आधीच येते, आणि अंगणात धोबी शेपूट हलवत फिरायला लागला म्हणजे समजायचं का बाकीचे मागून येतच आहेत. तर गावातल्या आम्हा पक्षीमित्र मंडळींकडून हे आवाहन आहे, सरळच सांगतो, दुर्बिणी पाहिजेत, थोडे पैसे पाहिजेत अन् काठावरची बेशरमची झुडपं उपटायला माणसं पाहिजेत.

काही जण म्हणतात दुर्बीण कशाला, बदक काय डोळ्यांनी दिसत नाही का? दिसते ना भाऊ, पण कोणतं आहे ते समजत नाही. पुस्तकातल्या चित्रात तलवार बदकाचा नर चॉकलेटी डोक्याचा, पांढऱ्या मानेचा, मोठा रुबाबदार दिसतो, अन् आपल्या तलावावर ऑक्टोबरात जो उतरतो तो मादीसारखाच मातकट. विणीचा हंगाम आटोपला की नर बदकं भडक पिसं गाळून टाकतात, नवे रंग चढायला वेळ लागतो, त्यामुळे या दिवसांत रंगावर विश्वास ठेवला की फसलात. चोच पाहायची, थापट्याची चोच टोकाला सराट्यासारखी (उलथन्यासारखी) पसरट असते, ती पाण्याला लावून गोल गोल फिरत असला तर दुसरं काही पाहायचीही गरज नाही. मान अन् शेपूट पाहायची, तलवार बदकाची मान लांब, शेपूट टोकदार. थवा उडाला तर पंखावरचा पट्टा, चक्रांगाचा हिरवा चमकतो, गडवालचा पांढरा. हे सगळं पाळीवरून नुसत्या डोळ्यांनी? सोडा. अन् जवळ गेलं तर थवाच उडून जातो.

चिखलात चरणाऱ्या तुतारी पक्ष्यांचं तर याहून अवघड आहे, तिन्ही सारख्याच वाटतात. सामान्य तुतारी बसल्या जागी मागचा भाग सारखी वरखाली करते अन् पोटाचा पांढरा रंग खांद्याजवळ वर चढलेला असतो. हिरवी तुतारी उडाली का पंख खालून काळपट अन् कमरेवर पांढरं ठळक दिसते. ठिपकेवालीला डोळ्यावर पांढरी भुवई, पाठीवर ठिपके. आमच्यातही यावरून अजून भांडणं होतात, ते चालूच राहणार.

आता आपल्याकडे दुर्बिणी आहेत दोन. एकीच्या डाव्या भिंगात बुरशी आली आहे. शाळेचे पोट्टे नेले का लाइन लागते, दुर्बीण हातात येईपर्यंत पक्षी उडून जाते अन् मग मागचा विचारते, सर कुठं आहे, सर कुठं आहे. त्यापेक्षा आपले मासेमारी करणारे ढिवर काका बरे, त्यांना दुर्बीण लागतच नाही. मागच्या हिवाळ्यात अंधुक उजेडात एक थवा डोक्यावरून गेला, काकांनी डोंग्यात बसल्या बसल्या वरही न पाहता सांगितलं, "हे आपली शिट्टीवाली नाही जी, बाहेरून आलेली आहे." शिट्टीवाली म्हणजे अडई, ती इथलीच, बारमाही. ही माहिती पोरांपर्यंत जावी म्हणून यंदा काका लोकं पोरांसोबत पाळीवर बसणार आहेत, आम्हाला विचाराल तर सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे.

5 ते 12 नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, 5 ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस अन् 12 ला सालिम अलींचा. चितमपल्ली साहेब वनखात्याच्या नोकरीत कितीतरी वर्षं इथंच नवेगाव बांधला राहिले, 2025 मध्ये गेले. त्यांच्याच तालुक्यात, सॉरी, त्यांनी आपलाच मानलेल्या तालुक्यात, पोरांना दुर्बीण नसावी हे काही बरं नाही दिसत. त्या आठवड्यात रोज सकाळी पोरांना घेऊन निरीक्षण ठेवलं आहे, जे दिसेल ते ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) टाकणार, आणि जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते तेव्हा हीच पोरं मोजायला तयार असतील. तोपर्यंत मोठी लालसरी अन् नशीब असलं तर पट्टकदंब हंसही येतात, तेच जे हिमालय ओलांडून येतात. (सारस दाखवा म्हणून फोन नका करू बाप्पा, तो पाहुणा नाही, घरचा आहे, अन् आपल्या तलावावर नाही.)

बेशरमचं असं आहे का धानाला पाणी सुटलं, तलाव उतरला की काठाचा चिखल उघडा पडतो, तुताऱ्या, धोबी तिथंच चरतात. आपल्या तलावाच्या पूर्वेकडच्या काठावर तो चिखल बेशरमने पुरता झाकला आहे, देवधानही (जंगली धान) तिथं दबून गेलं. नुसतं कापून फायदा नाही, तुकडा ओल्यात पडला का तिथंच मूळ धरतो. मुळासकट काढून ट्रॉलीत भरून दूर वाळवायला न्यावं लागते. काठाला अडकलेली जुनी तुटकी जाळीही त्याच दिवशी काढू, मागे एक वारकरी पक्षी पाय गुंतून मेलेला सापडला होता. मच्छीमार संस्था दोन डोंगे देते म्हणाली, ट्रॅक्टर मिळाला आहे, डिझेल आपल्याला टाकायचं आहे.

तर हिशोब असा: 8 बाय 42 च्या (8 पट मोठं दाखवणाऱ्या, 42 मिमी भिंगाच्या) चार दुर्बिणी, साधारण 9,000 ची एक, डिझेल अन् नाश्त्याला 4,000, म्हणजे एकूण 40,000 रुपये. 100 द्या, 500 द्या, धान निघाल्यावर देतो म्हटलं तरी नाव लिहून ठेवू. पैसे ग्रामपंचायतीच्या ऑफिसात पावती घेऊनच द्यावे, कोणाच्या हातात देऊ नका, आमच्याही नाही. खर्चाचा कागद तिथंच बोर्डावर लागेल.

नागपूर-पुण्याला असलेल्या गावकऱ्यांनी घरी पडून असलेली दुर्बीण पाठवली तरी चालते, फक्त जत्रेतली 30 पट लिहिलेली नको, हात जरा हलला का त्यात काहीच दिसत नाही. पाठवायच्या आधी उजेडाकडे धरून भिंगात बुरशी नाही ना तेवढं पाहा, तशी एक आहे आमच्याकडे.

श्रमदान ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, सकाळी 6 ला पाळीवर. येताना विळा, फावडं अन् जुने पूर्ण बाह्यांचे कपडे, बेशरमचा चीक अंगाला लागला की खाज सुटते.