आमच्या भिंतीची ओल शोधणाऱ्या प्लंबरदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

'माझं नाव कुठे लिहू नका ताई' म्हणालात, म्हणून लिहीत नाही. आभार मानू नका असं मात्र म्हणाला नव्हतात, आणि म्हणाला असतात तरी मी ऐकलं नसतं.

डोंबिवलीतल्या आमच्या घराची आतली खोली सासूबाईंची. बाथरूमला लागून असलेली तिची भिंत गुडघाभर उंचीपर्यंत कायम ओली. रंगाचे पोपडे, त्याखाली पांढरे क्षार, स्कर्टिंगवर काळी बुरशी, कपाटातल्या साड्यांना कुबट वास. त्यात आईंना दमा. भिंत वाईट दिसते एवढंच दुःख असतं तर कॅलेंडर टांगून भागवलं असतं.

तुमच्या आधी येऊन गेलेल्यांबद्दल थोडं बोलतेच. एकाने दारातूनच बघून बाहेरच्या भिंतीला वॉटरप्रूफिंग सांगितलं आणि भलंमोठं कोटेशन पाठवलं. ओल तर एप्रिल-मेमध्येही तेवढीच! दुसऱ्याने वरच्यांच्या बाथरूमवर खापर फोडलं, आमचं छत कोरडं ठणठणीत असताना. तिसऱ्या महाशयांनी पोपडे खरवडून काहीतरी फासलं, वर पुट्टी, वर रंग, आणि पैसे रोख घेतले. गणपतीत मारलेला रंग दिवाळीला फुगला. फोन केला तर म्हणे, 'हवेतच दमटपणा आहे, खिडकी उघडी ठेवत जा.'

तुम्ही आधी भिंतीकडे गेलातच नाही. कॉटशेजारी स्टूल ओढून बसलात आणि विचारलंत, "आजी, इथे तुम्हीच झोपता ना? मग सांगा, ओल जास्त कधी वाटते?"

आईंना हे विचारणारे तुम्ही पहिलेच. बाकीचे त्यांच्या देखत आमच्याशी बोलायचे. एकाने तर 'यांना जरा बाहेर बसवा, सामान हलवायचंय' असं फर्मावलं होतं. आईंना कमी ऐकू येतं हे लक्षात आल्यावर तुम्ही आवाज न चढवता, जवळ सरकून, सावकाश तेच पुन्हा विचारलंत. आईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, प्रश्न खरंच आपल्याला आहे ना म्हणून. मग अशा सुरू झाल्या की बस! "मशीन लागतं त्या रात्री वास सुटतो बघ. भिंत हाताला गार लागते. मधे मशीन बिघडलं होतं ना, तेव्हा चांगली सुकली होती."

तुम्ही नुसतं "हां" म्हणालात आणि उठलात.

पुढचं काम तुमचं, त्यातलं मला समजलं तेवढंच सांगते. वॉशिंग मशीनचं पाणी लादीखालून नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे बाथरूमचं पाणी निघून जायच्या जाळीकडे, नेणाऱ्या पाइपचा सांधा सुटला होता. मशीनने पाणी सोडलं की त्यातलं थोडं भिंतीच्या पायथ्याशी झिरपायचं आणि विटा ते वर ओढायच्या. खात्रीसाठी मशीनच्या पाण्यात घालायला तुम्ही नीळ मागितलीत, तीही आईंकडेच. स्कर्टिंग काढल्यावर मागचा गिलावा निळा झालेला दिसला तेव्हा आई वॉकर घेऊन स्वतः बघायला आल्या. केवढा रुबाब होता त्या चालीत!

सांधा बदलून झाल्यावर मी रंगाचं विचारलं, तर साफ नाही म्हणालात. "ओला गिलावा काढलाय, विटा आतून सुकू द्या. घाई केलीत तर पुन्हा पोपडे येतील." चालून आलेलं काम असं कोण सोडतं हो?

हल्ली मी सगळीकडे हेच बघत असते. दवाखान्यात आई समोर बसलेल्या असताना 'आजींना काय होतंय?' हे मला विचारतात. बँकेत सही आईंची, बोलणं माझ्याशी. हुशार माणसं असतात सगळी, पण म्हाताऱ्या माणसाकडे वळून बघायला तुमच्यासारखं वळण लागतं, आणि ते तुम्हाला ज्यांनी लावलं त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

भिंत अजून उघडीच आहे, पण वास गेलाय. आईंना तिथे पिस्ता रंग हवाय, आमच्या ह्यांना पांढरा. सुकली की तुम्हाला बोलावतेच. तुम्ही आईंच्या बाजूने बोलणार, हे मी ह्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.

तुमची,
डोंबिवलीची ताई