आई-बाबा, सही करून झाली आहे

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

मी माझ्या बोन मॅरोतला, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ गाभ्यातला, थोडासा भाग द्यायचं ठरवलं आहे. संमतीपत्रावर सही झाली आहे, तारीख पुढच्या महिन्यातली आहे. मी आजारी नाही. निखिल, ओवी, दोघंही ठणठणीत आहेत. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण बोन मॅरो हा शब्द ऐकला की तुमच्या दोघांच्या पोटात कसा गोळा येतो ते मला माहीत आहे. आई, आता आधी बस. बाबा, पुढचं तुम्ही मोठ्याने वाचा.

कुणाला देणार हे मलाही ठाऊक नाही आणि कळणारही नाही. सुमीने तिच्या भावाला, बंडूला दिल्या त्या रक्त तयार करणाऱ्या पेशी. त्या देण्याआधी जुळतात का ते बघावं लागतं, आठवतं ना, रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री घरात कुणी झोपलं नव्हतं. मी देणार आहे त्या वेगळ्या. त्यांना स्ट्रोमल पेशी म्हणतात. मॅरोमध्ये रक्तपेशींना आधार देणारं एक जाळं असतं, त्यातल्या. त्या इतक्या थोड्या असतात की काढलेल्या मॅरोतून वेगळ्या करून प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवाव्या लागतात. त्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला चिकटून बसतात, बाकीच्या धुऊन निघतात. मग द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात आणि लागतील तेव्हा पेशंटला सलाइनसारख्या शिरेतून देतात, वजनाच्या किलोमागे साधारण 10 ते 20 लाख. या जुळाव्या लागत नाहीत. कुणाच्याही कुणालाही चालतात.

बंडूला जे झालं, ते होऊ नये म्हणून या पेशी वापरून बघताहेत.

तुम्ही त्या खोलीत जाऊ शकत नव्हतात, मी दोनदा गेले होते. आधी त्याचे तळहात लाल झाले, मग साल सुटायला लागली. मग पोट. आत्या एका शंभर पानी वहीत तारीख, वेळ आणि जुलाब किती मिली झाला ते लिहायची. 600, 900, 1400. किती जातंय यावरून डॉक्टर जीव्हीएचडीची, म्हणजे दात्याच्या पेशी पेशंटच्या शरीरावर उलटतात त्या आजाराची, पायरी ठरवतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मला वाटायचं आत्या उगाच लिहीत बसते. सख्ख्या बहिणीच्या पूर्ण जुळलेल्या पेशी, तरीही त्यांना बंडूचं शरीर परकं वाटलं आणि त्या त्याच्या कातडीवर, आतड्यावर तुटून पडल्या. सुमी अजून म्हणते, माझ्याच पेशींनी. आई, ती तुझ्याकडे येऊन बसते तेव्हा तिला पुन्हा सांग, तिच्यामुळेच तो तेवढे महिने आपल्याला मिळाला.

अण्णा आणि भाऊंची जमिनीवरून जुंपली की आक्का मध्ये येऊन नुसती बसायची, आणि दोघांचे आवाज आपोआप खाली यायचे. या पेशींचं काम मला तसं वाटतं. त्या स्वतः लढत नाहीत, कुणाला मारत नाहीत. चवताळलेल्या पेशींना शांत करणारे संदेश सोडतात आणि थोड्या दिवसांत शरीरातून निघूनही जातात.

मी ज्या शहरात राहते तिथेच याची मोठी सुरुवात झाली. स्टॉकहोमच्या दक्षिणेला हुडिंगे म्हणून भाग आहे, तिथल्या कारोलिन्स्का हॉस्पिटलात कातारिना ल ब्लांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका 9 वर्षांच्या मुलाला या पेशी दिल्या. आतडी आणि यकृत, दोन्ही गेल्यात जमा होती, कुठलंच औषध लागू पडत नव्हतं. 2004 साली त्यांनी हे छापलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं आणि मुलगा बरा होता. आई, पेशी त्याच्या आईच्या होत्या. जुळणी अर्धीच, तरी चालल्या.

बाबा, तुम्ही म्हणाल एका मुलावरून काय ठरतं. बरोबर आहे. 2008 साली युरोपातल्या 55 पेशंटांचा अभ्यास आला, सगळे स्टेरॉइडने बरे न झालेले. त्यातल्या 30 जणांची लक्षणं पूर्ण गेली. जपानने 2015 मध्ये अशा पेशींच्या औषधाला परवानगी दिली, अमेरिकेने 2024 च्या डिसेंबरमध्ये, तीही लहान मुलांसाठी. पण हे सगळं आजार भडकल्यानंतरचं. आतड्याचं अस्तर एकदा गेलं की किती उशीर झालेला असतो ते आपण पाहिलंय. म्हणून आता आधीच देऊन बघायचं आहे. चीनमध्ये 124 पेशंटांवर तसं केलं, 2016 मध्ये छापून आलं. दोन वर्षांत जुनाट जीव्हीएचडी पेशी न दिलेल्या गटात 49 टक्क्यांना झाला आणि दिलेल्या गटात 27 टक्क्यांना.

दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर तुम्ही शोधून काढालच. 2008 मध्ये चीनमधल्याच एका 25 पेशंटांच्या अभ्यासात ट्रान्सप्लांटबरोबरच या पेशी दिल्या, तर रक्ताचा कॅन्सर उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. दात्याच्या पेशी उरलासुरला कॅन्सरही खात असतात, त्यांना फार गप्प केलं तर ते काम अडतं. कधी द्यायच्या, किती द्यायच्या, कुणाला नाही द्यायच्या, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. ते ठरायला अभ्यास हवेत आणि अभ्यासाला धडधाकट माणसांचा मॅरो हवा. माझा आहे. अजून दहा वर्षांनी कदाचित घेणार नाहीत. मला हे वाट बघत बसण्यासारखं वाटत नाही.

आता तुमची काळजी. सुई मणक्यात नाही टोचत. आई, सिझेरियनच्या वेळची पाठीतली सुई तू अजून कंबरदुखीला धरून बसली आहेस, ती सुई ही नव्हे. ही कमरेच्या मागच्या हाडात, जिथे परकराची नाडी घट्ट बसते ना, त्याच्या जरा खाली. जागा बधिर करतात, अर्ध्या तासात होतं, त्याच दिवशी घरी. काढणार अर्धी वाटीभर. तो काही आठवड्यांत भरून येतो. तीन-चार दिवस पडल्यावर लागतं तसं दुखेल, त्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. पैसे मी घेत नाहीये. सासूबाईंना सांगितलंय, त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग मेथीचे लाडू कुरिअर केले. निखिल सुट्टी काढतोय, ओवीची शाळा तो बघेल. इथल्या दुकानात ज्वारीचं पीठ मिळायला लागलंय, भाकरी थापून ठेवणार आहे. हिमोग्लोबिन 12.8 आहे, तुझ्यापेक्षा चांगलं. तू येऊ नकोस, इथे आत्ता दुपारी तीनला अंधार पडतो आणि तुझे गुडघे बर्फावरचे नाहीत. पण खरं सांगू, भूल उतरताना तुझा हात केसातून फिरावा असं वाटणारच आहे. ताप आला की तू मिठाच्या पाण्याची पट्टी बदलत रात्रभर बसायचीस. ते मी ओवीसाठी करते तेव्हा माझ्या हाताला तुझाच हात लागतो.

हातासरशी काही कामं सांगते आणि ती करायचीच. एक फार महत्त्वाचं, इथे विचारताहेत की मला कधी मलेरिया झाला होता का. सहावीत दिवाळीत जो ताप आला होता तो टायफॉइडचा ना? बाबा, गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात माझी हिरवी फाइल आहे, स्टुलावर चढू नका, शेजारच्या पोराला चढवा. त्यातल्या प्रत्येक कागदाचा फोटो पाठवा, सरळ धरून, अंगठा न येता. बाबा, क्रिएटिनीन करून चार महिने झाले, सोमवारी लॅबवाल्याला घरी बोलवा, आणि दुखलं की परस्पर डायक्लोफिनॅक घेणं बंद. आई, साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, जेवणानंतर आठवली म्हणून दोन घ्यायच्या नाहीत. आत्याला यातलं आत्ता काही बोलू नका. रविवारी मी स्वतः फोन करून सांगेन, तिला ते माझ्या तोंडून कळायला हवं.

मन घट्ट करून वाचलंत ना सगळं? रागावला असाल तर रागवा, पण अबोला धरू नका. हिरव्या फाइलचे फोटो गुरुवारपर्यंत हवेत, शुक्रवारी सकाळी मला हॉस्पिटलात जायचं आहे.

तुमची,
मनू