न्यूट्रिनो अडतो कुठे?

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

जो न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थाशी क्वचितच टक्कर घेणारा विद्युतभाररहित सूक्ष्म कण, पृथ्वीच्या आरपार जातो तो अवाढव्य तारा कसा फोडतो, या तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण स्फोटाआधी तो ताऱ्यात अडतो कसा हे उमगल्याशिवाय पुढचे लिहवेना.

प्रचंड ताऱ्याचा लोखंडी गाभा सूर्याच्या सुमारे 1.4 पट वस्तुमानाला पोहोचला की स्वतःच्याच भाराखाली कोसळू लागतो आणि प्रोटॉन इलेक्ट्रॉन गिळून न्यूट्रॉन होताना न्यूट्रिनो बाहेर टाकतात. आरंभी ते बिनदिक्कत निसटतात. पण घनता दर घनसेंटिमीटरला दहा लाख टनांच्या घरात गेली की शाबूत असलेली अणुकेंद्रके त्यांची वाट अडवतात. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीडमन यांनी 1974 मध्ये दाखवले की कमी ऊर्जेच्या न्यूट्रिनोची तरंगलांबी केंद्रकाहून मोठी असल्याने त्याला आतले कण सुटे दिसतच नाहीत. लोखंडाच्या केंद्रकातील 30 न्यूट्रॉनांनी एकेकट्याने धक्का दिला असता तर टकरीची शक्यता 30 पट झाली असती. एकदिलाने दिल्यामुळे ती 30 चा वर्ग, म्हणजे 900 पट होते. (प्रोटॉन या कामी जवळजवळ निरुपयोगी.) केंद्रकाला बसणारा हा धक्का मोजण्याचा प्रयोग सुचवणे म्हणजे आगाऊपणाच, असे फ्रीडमन यांनीच लिहिले होते, तो मोजला गेला 2017 मध्ये, अमेरिकेतील ओक रिज येथे, सुमारे साडेचौदा किलोच्या सीझियम आयोडाइडच्या स्फटिकात.

पुढे कोसळता गाभा घट्ट होऊन थांबला की त्यावरून उलटलेली आघातलहर लोखंडाची केंद्रके फोडता फोडता दमते आणि शे-दीडशे किलोमीटरांवर थबकते. तिथे सुटे झालेले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आतून झिरपणाऱ्या न्यूट्रिनोंपैकी थोडेच शोषतात, तरी त्या उष्णतेने लहर पुन्हा उसळते, ही आजची प्रमुख उपपत्ती मला पटते. बाहेरच्या थरांतही एखाददुसरी टक्कर होते: निऑन 20 च्या केंद्रकातून प्रोटॉन उडतो आणि मागे फ्लोरिन 19 उरते.

23 फेब्रुवारी 1987 रोजी, सुमारे 1,60,000 प्रकाशवर्षांवरच्या मोठ्या मॅजेलॅनिक मेघातल्या अशाच स्फोटाचे 11 न्यूट्रिनो जपानच्या कामिओका येथील ‘कामिओकांदे’ या पाण्याच्या टाकीत सुमारे 12 सेकंदांत टिपले गेले. मोकळी वाट असती तर सारा लोंढा क्षणार्धात निघून गेला असता. ते सेकंद अडखळत बाहेर पडण्याचे होते, जरी तोवर गाभ्यातली केंद्रके विरघळून त्यांच्या जागी दाट न्यूट्रॉनच अडवायला उरले होते. आणि त्या टाकीत बहुतेक प्रतिन्यूट्रिनोंना (न्यूट्रिनोच्या प्रतिकणांना) पकडले ते हायड्रोजनच्या केंद्रकाने, म्हणजे मी वर निरुपयोगी ठरवलेल्या एकट्या प्रोटॉनने.

तुझा,
विनायक