रंगमंचावरील उजेडाचे शिक्षक : स्टॅनले मॅकँडलेस

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाटकाच्या जाहिरातीत लेखक, दिग्दर्शक आणि नटांच्या खाली प्रकाशयोजनाकाराचेही नाव छापलेले असते; परंतु त्याने ही विद्या कोणाकडून घेतली, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात 1925 साली जॉर्ज पियर्स बेकर यांच्या नेतृत्वाखाली नाट्यविभाग सुरू झाला आणि तेथे रंगमंचीय प्रकाशयोजना शिकवण्याचे काम स्टॅनले मॅकँडलेस या तरुण वास्तुरचनाकाराकडे आले. त्या आरंभाला शतक लोटत असताना या शिक्षकाची आठवण मराठी नाट्यरसिकांना करून द्यावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मॅकँडलेस यांचा जन्म 1897 मध्ये शिकागो येथे झाला. हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी वास्तुकलेची पदवी घेतली आणि पुढे 1964 पर्यंत, म्हणजे जवळजवळ चार दशके, ते येलमध्ये शिकवत राहिले. 1967 साली त्यांचे निधन झाले. त्यांनी शिकवायला सुरुवात केली तेव्हा नाट्यगृहांत वीज येऊन बराच काळ झाला होता, पण तिचा वापर पुष्कळदा रंगमंच सरसकट उजळून टाकण्यापुरताच होई. पायदिव्यांचा उजेड खालून येत असल्याने चेहऱ्यावर उलट्या सावल्या पडत, आणि माथ्यावरच्या दिव्यांच्या रांगांनी सगळेच सपाट दिसे. रंगमंचाला प्रकाशाने आकार देता येतो हा विचार युरोपात स्विस रंगमंचरचनाकार अ‍ॅडॉल्फ आपिया यांनी आधीच मांडला होता. मात्र विद्यार्थ्याच्या हाती दिवा देऊन तो नेमका कोठे टांगायचा आणि का, हे क्रमाने सांगण्याचे काम मॅकँडलेस यांनी केले. त्यांचे या विषयावरील मुख्य पुस्तक 1932 साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या नंतरही निघत राहिल्या.

त्यांची पद्धत थोडक्यात अशी. नट जेथे वावरतो त्या जागेचे लहान लहान भाग पाडायचे, साधारणतः पुढे तीन आणि मागे तीन. प्रत्येक भागावर दोन स्पॉट, म्हणजे ठरावीक जागी झोत टाकणारे दिवे, लावायचे, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, दोन्ही सुमारे 45 अंश उंचीवरून आणि 45 अंश बाजूने. त्यांपैकी एकाला उबदार छटेचा आणि दुसऱ्याला थंड छटेचा जिलेटीन कागद लावायचा. समोरून एकच दिवा टाकला तर नाक, गाल आणि डोळ्यांच्या खोबणी यांतला फरक पुसला जातो, आणि एकाच बाजूने टाकला तर अर्धा चेहरा अंधारात जातो. दोन छटांच्या दोन दिव्यांनी चेहरा पूर्ण दिसतो आणि त्याचा उठावही टिकतो. शेजारच्या भागांचे उजेड एकमेकांत थोडे मिसळू द्यायचे, म्हणजे नट चालत गेला तरी मध्ये काळा पट्टा येत नाही. पार्श्वभूमीवरचा पडदा स्वतंत्रपणे उजळायचा. प्रत्येक भाग वेगळ्या डिमरवर, म्हणजे उजेड कमीजास्त करणाऱ्या उपकरणावर, असला, की प्रेक्षकांची नजर कोठे न्यायची हे दिग्दर्शकाच्या हातात येते. वास्तूच्या आराखड्यात सावली 45 अंशांतून काढण्याचा प्रघात आहे. मॅकँडलेस यांनी हा कोन निवडण्यामागे त्याच शिक्षणाचा संस्कार असावा, असे मला वाटते.

मला स्वतःला यापेक्षाही मोलाची वाटते ती त्यांनी दिलेली परिभाषा. प्रकाशाची तीव्रता, रंग, आकार आणि हालचाल या चार गोष्टी आपल्याला बदलता येतात, आणि त्या बदलून दिसणे, स्थळकाळाचे भान, दृश्याची रचना आणि भाववातावरण ही चार कामे साधायची असतात, अशी मांडणी त्यांनी केली. ‘हा प्रवेश जरा उदास वाटू दे’ असे दिग्दर्शक तालमीत म्हणतो, तेव्हा दिवा मंद करायचा, छटा बदलायची, की दिशाच बदलायची, हा विचार करण्याची रीत त्यामुळे तंत्रज्ञाला मिळाली.

या पद्धतीवर साचेबद्धपणाचा आक्षेप घेतला जातो आणि तिला नियम मानून चालणाऱ्यांच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु मॅकँडलेस यांच्या विद्यार्थ्यांनी तिला पायरी मानले. जीन रोझेंथाल यांनी अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यप्रयोगांसाठी बाजूच्या प्रकाशाचा असा काही वापर केला, की नर्तकाचे शरीर रंगमंचावर कोरल्यासारखे दिसू लागले. येलमध्येच घडलेल्या थॅरॉन मसर यांनी 1975 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर संगणकाच्या स्मृतीवर चालणारे प्रकाशनियंत्रण आणले. गुरूच्या चौकटीपलीकडे गेलेले असे शिष्य हीच मला त्यांच्या अध्यापनाची खरी पावती वाटते.

आपल्याकडे हे ज्ञान बहुतांशी ज्येष्ठ तंत्रज्ञाच्या हाताखाली राहून मिळते. विंगेत उभे राहून, शिडीवर चढून आणि एन्ट्री चुकल्याबद्दल बोलणी खाऊन मिळालेले हे शिक्षण अस्सल असते, यात मला शंका नाही. पण तो ज्येष्ठ गेला की त्याने अमुक नाटकात तो दिवा तेथेच का लावला, हे सांगणारे कोणी उरत नाही. तालुक्याच्या नाट्यगृहात सहा-आठ स्पॉट आणि जुना डिमर एवढ्यावर नाटक उभे करणाऱ्या हौशी मंडळाला तर लिखित मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज असते. हाती सहाच स्पॉट असतील तर पुढचे तीन भाग नीट उजळून नाटक तेथेच बसवावे, एवढे जरी आधी माहीत असले तरी रंगीत तालमीचा अर्धा गोंधळ टळतो.

म्हणून आपल्या वृत्तपत्राद्वारे संबंधितांना एक विनंती करतो. राज्य नाट्यस्पर्धेत प्रकाशयोजनेसाठी पारितोषिक दिले जाते, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या पारितोषिकप्राप्त नाटकांच्या प्रकाशयोजनेचा आराखडा, दिव्यांची यादी आणि प्रवेशनिहाय नोंदी जमा करून घ्याव्यात आणि विद्यापीठांच्या नाट्यविभागांत त्या अभ्यासासाठी खुल्या ठेवाव्यात. जे ज्येष्ठ प्रकाशयोजनाकार आज आपल्यात आहेत, त्यांच्यापासूनच या कामाला यंदा सुरुवात व्हावी.

आपला,
एक हौशी रंगकर्मी, सातारा